लिंबाजीकाकांचा उर्दू कागद

पालम, रविवार
ता. ११ ऑक्टोबर १९९२

ती. स्व. बन्सीधरदादास भुजंगाचा नमस्कार.

बघा, 'तीर्थस्वरूप' लिहून गेलो. हात सवयीनं लिहितो. खोडत नाही. शाळेतलं मला फार थोडं येतं, त्यातलं हे एक आहे, ते तरी राहू द्या. इकडे मी खुशाल आहे. मायची खुशाली कळवू नका, तुमच्या व्यंकटीनं सांगितली. गुडघे दुखायलेत, आणि तुमी सरपंच झाल्यापासून तिला नदीवर धुणं घेऊन जाऊ देत नाही म्हणे. बरं दिसत नाही म्हणून. माय पंचेचाळीस वर्षं नदीवर गेली, तेव्हा बरं दिसत होतं.

मी एका कापड दुकानाची पाटी रंगवायलोय. मालकाला पाटीवर मोर पाहिजे. पिसारा पैठणीच्या पदरासारखा पाहिजे आणि मोराचं तोंड गिऱ्हाइकाकडं पाहिजे. अक्षर मला जमतं, जनावर जमत नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा पुसला. बाजारातली माणसं खाली उभी राहून इचारतात, पेंटर, हे बदक हाय का? मी शिडीवरून शिव्या देतो. असं चाललंय. पण मी मोराचं सांगायला बसलो नाही.

काल व्यंकटी तुमचा निरोप घेऊन आला. आल्या आल्या म्हणाला, "भुज्या, नशीब काढलंस लेका. दादा तुला पंचायतीचा शिपाई करायलेत. टीव्हीच्या खोलीची किल्ली तुझ्याजवळ ऱ्हाणार."

मी म्हणालो, "अन् त्याच्या बदल्यात?"

"बदल्यात काय न्हाई रे. ह्या कागदावर सही कर. अन् पुढच्या सोमवारी, एकोणीसला, जिंतूरला तहसिलात ये. चौकशी लागलीय. साहेबापुढं हेच बोलायचं."

कागद टाईप केलेला होता. 'मी खाली सही करणार भुजंग मुंजाजी गिराम लिहून देतो की, माजी सरपंच लिंबाजी यांच्या हस्ताक्षरातील उर्दू कागद मी समक्ष वाचला असून त्यात गावच्या गायरानाचा सौदा नमूद आहे.' टाईप लय सुरेख आहे, दादा. एक अक्षर वर-खाली नाही. मी त्याला मोराचा हिरवा ब्रश पुसला. व्यंकटी ओरडला, "आरं, आरं!" पण पुसून झाला होता.

एकदा माझ्या तोंडातून वदवून घेतलं त्यानं तुमचं पोट भरलं नाही का? आता सही पण पाहिजे?

दुकानात टीव्ही चालू आहे. आज रविवार, तुमची ती खुर्चीची सिरीयल लागलीय. सुरुवातीला मोकळी खुर्ची दाखवतात आणि ढोल वाजतो, ती. मालक मला खाली बोलवायलेत, पेंटर या, मोर पळून जात न्हाई. मी गेलो नाही. आवाज शिडीपर्यंत येतो तेवढ्यानंच अंगाला आग लागली.

गावात ती सिरीयल कशी बघायचो आपण, आठवतं का? पंचायतीचा टीव्ही खिडकीत ठेवायचा, बायका ओट्यावर, माणसं मैदानात. ती दिल्लीची हिंदी कुणाला धड कळायची नाही, तर तुमी टीव्हीजवळ उभे राहून मराठीत सांगायचे. कॉलेजात दोन वर्षं काढलेला माणूस आख्ख्या गावात एकटा. "हा चष्मेवाला मंत्री. हा म्हातारा मुख्यमंत्री. म्हाताऱ्यानं ह्याला लहानाचा मोठा केला, आता हा म्हाताऱ्याची खुर्ची काढायलाय." ओट्यावरून दगडाबाई टीव्हीला हात नाचवून म्हणायची, "मुडद्या, त्याच्या ताटात जेवलास की रं!" सगळं गाव हसायचं. तुमी हसायचे नाहीत. मला तेव्हा वाटायचं, दादाला समजावून सांगायचं काम आहे म्हणून हसत नाही. आता कळतं, तुमी शिकत होतात.

चष्मेवाला काय करतो? ह्या माणसाजवळ एक बोलतो, त्या माणसाजवळ दुसरं. तुमीही तेच केलं. लिंबाजीकाकांना, आपल्याच चुलत्याला, काढायला नवातले सहा मेंबर पाहिजे होते. एक तुमी स्वतः. चार जणांना तुमी म्हणालात, काकांनी विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावाला सही केली, असला माणूस आपला कसा? काकांनी सही केली होती, लपवली नव्हती, आणि सगळ्यांसारखी मराठीत नाही तर त्यांच्या उर्दूत ठसठशीत केली होती. चौघं तिथंच फिरले. उरली झुंबरबाई. ती बौद्धवाड्याची, ती नामांतराच्या सहीवर काकांना काढणार कशी? उलट त्याच सहीसाठी ती त्यांच्या पायाजवळ बसली असती. तर तिच्यासाठी तुमी दुसरी गोष्ट काढली, काका गायरान विकायलेत, तुमची घरं उठवायलेत.

एकाच माणसाबद्दल, एकाच आठवड्यात, दोन गोष्टी! तो टीव्हीतला तरी पगार घेऊन करतो.

उजेड गेला. मोर उद्या.

मंगळवार, १३

परवाचं पत्र वाचून पाहिलं. राग आहे त्यात, पण सगळं तुमच्यावरच लिहिलंय. पुढं लिहितो.

तो कागद कसला होता ते तुमाला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तुमी माझ्याकडून ते कधी पुरतं ऐकून घेतलं नाही. "मला काय लिहिलंय त्याच्याशी मतलब न्हाई, कुणाचं अक्षर हाय त्याच्याशी मतलब हाय," असं म्हणाला होतात.

काकी कंबरेतून गेली तेव्हापासून खाटेवर आहे. तिला टीव्हीपर्यंत येता येत नाही. तर काका दर रविवारी सिरीयल बघून घरी जायचे आणि तिच्या उशाशी बसून सांगायचे. मी शेंगा खात ऐकायचो. काका अर्धं विसरायचे आणि काकी पकडायची. "आवो, तो तर मागच्या रविवारी मेला होता, आज कसा भाषण करायलाय?" काका डोकं खाजवायचे. "मेला होता का? मग दुसरा असंल." "दुसरा कोण?" दोघांचं भांडण व्हायचं. मग काका खिशात कागद-पेन्सिल घेऊन यायला लागले. सिरीयल चालू असताना गुडघ्यावर कागद ठेवून उर्दूत लिहायचे. निजामाच्या शाळेत शिकलेला माणूस, त्यांचा हात उर्दूतच पळतो. लोकांना वाटायचं, सरपंच पंचायतीचं काही टिपायलेत.

असले चाळीस-पन्नास कागद आहेत काकांच्या घरात, भिंतीतल्या देवळीत, काकीच्या औषधाच्या डब्याखाली. त्यातला एक तुमच्या हातात आला. त्या रविवारी सिरीयलीत चष्मेवाल्यानं तलावाकाठची जमीन एका गिरणीवाल्याला लिहून दिली होती आणि झोपड्या उठवायचा दिवस ठरवला होता. काकांनी तेवढंच लिहिलं होतं. कुणी लिहून दिली, कुणाला, कोणता दिवस. खाली काकीसाठी एक ओळ, 'म्हाताऱ्या मुख्यमंत्र्याला आज खोकला जास्त.'

तो कागद तुमच्या हातात कुठून आला असं मी आत्ता लिहिणार होतो. खोटं कशाला. मी दिला. देवळीतून काढून, सदऱ्यात घालून. काकी समोर जागी होती. म्हणाली, "भुजंगा, काय शोधायलास?" मी म्हणालो, "सुई." तिनं उशाखालून सुई काढून दिली.

मी काहून दिला? मी दोन महिने हेच स्वतःला इचारायलोय, शिडीवर. तुमी मला मारलं नाही, धमकावलं नाही. तुमी मला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून जिंतूरला नेलं आणि म्हणालात, "गावात उर्दू वाचणारे दोनच. एक काका, एक तू. तुझ्याएवढा उपयोगाचा माणूस माझ्याजवळ दुसरा न्हाई." दादा, मी नववीत दोनदा नापास. ऊसतोडीला गेलो, तिथून पळालो. नांदेडला सायकल दुकानात राहिलो, तिथून पळालो. एकदा तर जत्रेतल्या पाळणेवाल्यासोबत लातूरपर्यंत गेलो, ते एक वेगळंच आहे, त्याच्याकडं एक माकड होतं जे तिकिटं फाडायचं. असो. आमच्या घरात मला उपयोगाचा कुणी म्हणालं नव्हतं. तुमी पहिले. त्या एका शब्दावर मी गेलो. एवढा स्वस्त मी होतो.

आणि उर्दू मला कुणी शिकवली? मी मराठीत नापास झालो तेव्हा तुमी पाटी फोडली. काकांनी नवी पाटी आणली. म्हणाले, "डावीकडून जमत न्हाई ना तुला, मग उजवीकडून सुरू कर. तिकडून कुणी हसणार न्हाई." जे त्यांनी दिलं तेच घेऊन मी त्यांच्यावर गेलो.

तुमचा राग करायला बसलो होतो. थांबतो. मालक आवाज द्यायलेत, मोराचा डोळा राहिलाय.

गुरुवार, १५

आता ते लिहितो जे व्यंकटीला सांगितलं नाही, तुमाला माहीत नाही, आणि मी दोन दिवस मोराच्या नावाखाली टाळलं.

श्रावणातला तो रविवार. तुमी माझ्या हातात बेलाचं पान आणि भंडारा दिला आणि म्हणालात, झुंबरबाईपुढं बेलभंडार उचल, मग कागद वाच, म्हणजे तिचा विश्वास बसेल. तुमी तिच्या घरी आला नाहीत. बौद्धवाड्याच्या कडेला जीपमध्ये बसून राहिलात. तुमाला वाटलं, आत मी बेलभंडार उचलला आणि काम झालं.

तसं झालं नाही.

ती चुलीपुढं बसली होती. मी बेलभंडार पुढं केला. तिनं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "हे घेऊन जा. हे तुमचं हाय, मला त्याचं काय? खोटं बोललास तर तुझा देव तुझं बघंल, माझं घर तर गेलंच."

मी म्हणालो, "मग कशाची शपथ घेऊ, मावशी?"

ती उठली. शिंकाळ्यातून भाकर काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "लहानपणी रोज दुपारी चोरून खायचास इथं. तुझ्या मायनं एकदा बघितलं तर तुला अंगणात उभं करून गोमूत्र शिंपडलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी आलास. आलास का न्हाई?"

"आलो."

"अठ्ठ्याहत्तरला ह्याच गावच्या माणसांनी हे घर जाळलं. नाव बदलायचं म्हणून. त्यानंतर ह्या घरात बाहेरचं जेवलेलं एकटं लेकरू तू. त्या भाकरीची शपथ घे, अन् वाच काय लिवलंय."

मी भाकर हातात घेतली, दादा. आणि कागद वाचला. तलावाच्या जागी गायरान वाचलं. चष्मेवाल्याच्या जागी 'मी लिंबाजी' वाचलं. खोकल्याची ओळ सोडून दिली. अडखळलोसुद्धा नाही. शाळेत धडा वाचताना मला घाम फुटायचा, तिथं फुटला नाही.

वाचून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "खा आता." मी खाल्ली. तिच्यासमोर बसून, सगळी. बाहेर आलो तर तुमी इचारलं, "उचलला का बेलभंडार?" मी म्हणालो, "हो." तुमी माझ्या पाठीवर थाप मारली.

मंगळवारी अविश्वासाची बैठक. तहसीलदार साताऱ्याकडचे, त्यांना उर्दूतलं अलिफही माहीत नाही. तुमी कागद हलवून दाखवला. काकांनी हातात घेतला, बघितला, आणि हसले. खरं तेच बोलले, "साहेब, अक्षर माझंच हाय. पण ही टीव्हीतल्या सिरीयलीची गोष्ट हाय. मी माझ्या बायकोसाठी लिहून नेत असतो, तिला येता येत न्हाई."

आणि सगळी पंचायत हसली. खिडकीत लटकलेली माणसं हसली. कुणीतरी ओरडलं, "सरपंच बायकोला सिरीयल वाचून दाखवतो रे!" तहसीलदारसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसले. जगातली सगळ्यात खरी गोष्ट होती ती, आणि ऐकायला सगळ्यात खोटी. काकांचा चेहरा आधी कोराच राहिला. मग त्यांना खिडकीत मी दिसलो. किती सुटल्यासारखं बघितलं त्यांनी! म्हणाले, "ह्या पोराला इचारा साहेब. मीच शिकवलंय त्याला. भुजंगा, वाच बेटा, मोठ्यानं वाच."

त्यांना माहीतच नव्हतं, कागद कुणी नेला.

मी म्हणालो, "जमिनीचंच हाय, साहेब."

झुंबरबाईचा हात वर गेला. सहावा.

त्या दिवशी कुणालाही सुचलं नाही की परभणीहून उर्दू शाळेचा एखादा मास्तर बोलवावा. कशाला बोलवतील? घरचाच वाचणारा होता ना, काकांच्याच हाताखालचा. चुलत्यावर पुतण्या खोटं वाचेल, असं आपल्या गावात कुणाच्या डोक्यात येत नाही. ते फक्त तुमच्या डोक्यात आलं. मी चार दिवसांनी गाव सोडलं.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुमी गायरानावर चुना मारला. परभणीचे ते पुढारी साहेब, त्यांच्या संस्थेला जागा. झुंबरबाईच्या चुलीवरून पांढरी रेघ गेलीय. म्हणजे जे मी काकांच्या नावानं वाचलं ते तुमचंच होतं! तुमी तुमचाच बेत माझ्याकडून तिला वाचून दाखवला, आणि तिच्याच हातानं पास केला! अहो, चष्मेवाल्यालाही इतकं सुचलं नव्हतं. गायरानावरची जुनी घरं कायम करायचा सरकारचा हुकूम काकांनी नकलून आणून ठेवला होता, तो पंचायतीच्या कपाटात असेल तर शोधा. का तो जाळला?

हे मला कुणी सांगितलं? ती स्वतः आली होती. मागच्या शुक्रवारी. बोरीहून परभणी, परभणीहून गंगाखेड, तिथून पालम, तीन बशी बदलून, इचारत इचारत. मी शिडीवर होतो. खाली बघितलं तर ती. मला उतरता येईना. ती खालून बोलली, बाजारातली माणसं ऐकत होती.

"तू खोटं वाचलंस."

मी ब्रश डब्यात ठेवला.

"मला वाचता येत न्हाई म्हणून न्हाई फसले मी. तुला वाचता येतं म्हणून फसले. मी कलेक्टरला अर्ज दिलाय. एकोणीसला जिंतूरला चौकशी हाय. तू येऊन खरं वाचशील का?"

मी म्हणालो, "बघतो, मावशी."

"बघू नको. ये."

आणि गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही. माझ्या हातचं कसं घेईल.

व्यंकटीला मी काकांचं इचारलं होतं. म्हणाला, काका रविवारी टीव्हीकडं फिरकत नाहीत. पोरं त्यांना बघून ढोल वाजवल्याचा आवाज काढतात. काकी इचारते, पुढं काय झालं, म्हाताऱ्याच्या खुर्चीचं काय झालं? काका म्हणतात, सिरीयल संपली. दादा, इथं दुकानात टीव्ही बोंबलायलाय, सिरीयल चालू आहे, आणि तिकडं ती बाई आढ्याकडं बघत पडलीय. ह्याचा मला जितका राग येतो तितका खुर्चीचा पण येत नाही. खुर्ची तुमी काढली असती, नीट मतं मागून काढली असती, मी तुमचा झेंडा रंगवला असता. लिंबाजीकाका काय देव नाहीत, दोन वर्षं गावचा हापसा दुरुस्त करायला विसरले. पण तुमी त्यांना खोटं ठरवलं ते त्यांच्या बायकोच्या गोष्टीवरून. आणि माझ्या तोंडून.

मी काय करणार ते आधीच कळवतो. त्या सिरीयलीत कुणी कुणाला आधी सांगत नाही, म्हणून.

सोमवारी अकराला मी जिंतूरला तहसिलात आहे. तुमच्या बाजूला बसणार नाही. साहेबांना सांगणार, कागद मी चोरला, खोटा मी वाचला, दोनदा, आणि दादांनी सांगितलं म्हणून, पण जीभ माझी होती. आणि सांगणार, आता माझ्या वाचण्यावर भरोसा ठेवू नका, उर्दूचा मास्तर बोलवा, त्याच्यापुढं कागद ठेवा. तुमी तो फाडला असेल तर काकांच्या देवळीत बाकीचे आहेत, तेच अक्षर, तीच सिरीयल, ओळीनं. काका मला दारात उभं करतील का माहीत नाही. नाही केलं तर झुंबरबाई मागेल. तिला ते नाही म्हणणार नाहीत.

मला आत टाकतील कदाचित. गावात मार बसेल ते नक्की, त्या चौघांचाही आणि तुमच्या माणसांचाही. माय रडेल, म्हणेल, भावावर गेला. तिला सांगा, त्याच्या आधी झुंबरबाईच्या भाकरीवर गेला होता, ते तिला माहीत नाही.

माणसं पाठवून मला वाटेत अडवू नका. ह्या पत्राची नक्कल मी झुंबरबाईच्या नावानं पाठवलीय, तिला कुणीतरी वाचून दाखवेल. कुणी ते तिचं ती ठरवेल.

'तुमचा आज्ञाधारक' लिहायची रीत आहे. ती यापुढं नाही.

भुजंग मुंजाजी गिराम
वय बावीस, धंदा पेंटर, राहणार सध्या कुठलाच नाही
बन्सीधर मुंजाजी गिराम, सरपंच, यांचा सख्खा भाऊ
आणि सोमवारी त्यांच्याविरुद्धचा साक्षीदार